पोस्टरवरचा माणूस आणि गाडीवरचा माणूस

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'मोटार शर्यतीतला वर्णद्वेष आणि राजकारण'. मला चाळीस मिनिटं दिली होती, त्यातली दहा माझ्या परिचयातच गेली. परिचय करून देणाऱ्यांनी मला ऑटोमोबाइल तज्ज्ञ करून टाकलं. मी साधा गॅरेजवाला. आयुष्यभर लोकांचे कार्बोरेटर साफ केले. आता गाड्यांना कार्बोरेटरच राहिला नाही, म्हणून व्याख्यानं देतो.

सुरुवात गड्ड्यापासून, म्हणजे आपल्या सोलापूरच्या जत्रेपासून करतो. होम मैदानावर मौत का कुआँ यायचा. इथं बसलेल्यांपैकी निम्म्यांनी तरी तो पाहिला असेल, आणि उरलेल्यांना आईनं जाऊ दिलं नसेल. आपण वर कठड्याला धरून उभे राहायचो, खाली फळ्यांच्या गोल भिंतीवर फटफटी चढायची. ती जवळून गेली की अख्खं लाकूड हातात थरथरायचं. बाहेर मोठ्ठं पोस्टर: गोरापान हिरो, काळा चष्मा, चामडी जाकीट, ओठ डाळिंबासारखे. आत गाडीवर कोण? सावळा, बरगड्या मोजून घ्याव्यात असा एक जण, पायात स्लीपर. माझा मामा नोट धरून हात खाली सोडायचा आणि तो गडी दोन्ही हात सोडून ती झर्रकन ओढून न्यायचा. एकदा मामानं ऐन वेळी नोट जरा वर घेतली. पुढच्या फेरीला त्यानं नोट नेलीच, वर मामाच्या बोटाला चिमटा काढला. मामा ते बोट आठवडाभर दाखवत फिरत होता.

मी मामाला विचारलं, पोस्टरवरचा कधी येणार? मामा म्हणाला, "गप बस बे, हाच की तो." खेळ सुटला तेव्हा तो गडी त्याच पोस्टरखाली बशीनं चहा पीत बसला होता. शेजारून माणसं जात होती, कुणी ओळखलं नाही.

पहिल्या रांगेतले आमचे चादरवाले मित्र हसतायत. चादरीवर कारखान्याचं नाव असतं, विणणाऱ्याचं असतं का? जाऊ द्या, त्यांचा चहा मी आत्ताच प्यालोय.

तर माझं म्हणणं एवढंच: शर्यतीत गाडी कोण चालवतो यापेक्षा फोटो कुणाचा निघतो, यावरून जास्त भांडणं झालीत. वेंडेल स्कॉट घ्या. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलचा काळा माणूस. सैन्यात मेकॅनिक, पुढं टॅक्सी चालवली, चोरटी दारूही वाहिली. शर्यतीची गाडी स्वतः दुरुस्त करायचा, मदतीला घरची पोरं. म्हणजे आमच्याच बिरादरीतला. 1 डिसेंबर 1963, फ्लोरिडातलं जॅक्सनव्हिल, नॅसकारची, म्हणजे तिकडच्या मोठ्या मोटार शर्यत संघटनेची शर्यत. स्कॉट दोन फेऱ्यांनी पुढं होता. तरी शर्यत संपल्याचा झेंडा काही पडेना! शेवटी विजेता म्हणून नाव पुकारलं बक बेकरचं. चषक त्याला, फोटो त्याचा. प्रेक्षक घरी गेल्यावर काही तासांनी अधिकारी म्हणाले, फेऱ्या मोजण्यात चूक झाली, जिंकला स्कॉटच. फेऱ्या तेव्हा हातानं मोजायचे, चूक होऊ शकते. पण स्कॉटला शेवटपर्यंत वाटत राहिलं की विजेत्याचा मुका घ्यायला उभ्या असलेल्या गोऱ्या सुंदरीसोबत काळ्या माणसाचा फोटो त्यांना नको होता. दुकानात गिऱ्हाइकानं दिलेले सुटे पैसे मीही हातानंच मोजतो. चूक होते, पण दर वेळी माझ्याच बाजूनं झाली तर गिऱ्हाईक काय म्हणेल?

चिठ्ठी आली. सहा मिनिटं. बरं, राजकारण उरकतो.

1985, दक्षिण आफ्रिका, कायलामी. वर्णभेदी राजवट असताना फॉर्म्युला वन तिथं गेलीच. रेनो आणि लिजिए हे फ्रेंच संघ गेले नाहीत. काही प्रायोजकांनी मात्र खास युक्ती केली: गाडी पळू दे, पण तिच्यावरचं आमचं नाव काढा. फोटोत यायला नको! त्यानंतर थेट 1992 पर्यंत तिथं शर्यत झाली नाही.

लुईस हॅमिल्टन, 2007 पासून. फॉर्म्युला वनमधला पहिला काळा ड्रायव्हर, पुढं सात वेळा जगज्जेता. 2008 मध्ये बार्सिलोनात सराव चालू असताना काही प्रेक्षक तोंडाला काळं फासून, विग घालून, अंगावर 'हॅमिल्टनचं कुटुंब' लिहून बसले. 2020 मध्ये इटलीत मुजेलोला जिंकल्यावर हा व्यासपीठावर चढला तो ब्रिओना टेलरला मारणाऱ्या पोलिसांना अटक करा, असं लिहिलेला शर्ट घालून. ही टेलर म्हणजे अमेरिकेत पोलिसांच्या गोळीनं गेलेली काळी तरुणी. लगेच नियम आला: व्यासपीठावर शर्यतीचाच पोशाख, चेन गळ्यापर्यंत बंद. ब्राझीलचा जुना जगज्जेता ड्रायव्हर नेल्सन पिकेनं मुलाखतीत त्याच्याबद्दल वर्णवाचक शब्द वापरला, 2023 मध्ये ब्राझीलच्या कोर्टानं त्यांच्या चलनात पन्नास लाख रेआलची भरपाई ठोठावली. हा पिके म्हणजे हॅमिल्टनचा प्रतिस्पर्धी ड्रायव्हर मॅक्स व्हर्स्टॅपेन याच्या जोडीदारणीचा बाप, आणि बोलणं चाललं होतं मॅक्सशी झालेल्या हॅमिल्टनच्या टकरीबद्दल. यावर खरं तर अर्धा तास बोलायचं होतं. मामानं खाल्ला तो.

स्कॉटचं राहिलंच. तो गेला 1990 मध्ये. त्या शर्यतीचा चषक घरच्यांच्या हाती पडला 2021 साली, डेटोनाला.

आभार मानणारे उठून उभे राहिलेत, हार हातात आहे, म्हणजे बसायलाच हवं. नाही हो, फोटो नंतर. आधी चहा.