मुलाखतीचा दिवस : ठाणे ते ऐरोली

(दृश्य : ठाणे स्टेशन, सकाळचे सव्वाआठ. पाऊस.)

निवेदन :

फलाट क्रमांक १०. वाशीची गाडी अजून लागायची आहे. बाकड्यावर बसलेल्या या मुलाच्या पायात रबरी चपला आहेत आणि मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेले काळे बूट. ते तो ऐरोलीला उतरल्यावर घालणार. चिखलाचे बूट घेऊन साहेबांपुढे जाऊ नकोस, असं आईने बजावलंय.

फोल्डरमध्ये डिप्लोमाची ओरिजिनल्स, झेरॉक्सचे दोन सेट, चार फोटो. एका मोठ्या टेलिकॉम कंपनीत फायबर टेक्निशियनच्या जागांसाठी वॉक-इन आहे. त्याचं नाव आम्ही घेत नाही. त्याला याच क्षेत्रात राहायचंय.

(दृश्य : बंद दार, बाहेर खुर्च्यांची रांग.)

टोकन, फॉर्म, कॉम्प्युटरवरची अर्ध्या तासाची टेस्ट. मग थांबायचं.

थांबलेल्यांत बदलापूरची एक मुलगी होती. इलेक्ट्रॉनिक्सची बी.ई., नेटवर्कच्या कामासाठी आलेली. डीबीएम हे सिग्नलची ताकद मोजायचं एकक. तिला आत विचारलं, ४३ डीबीएम म्हणजे किती वॅट? तिने तोंडी सोडवलं : ३० डीबीएमला एक वॅट, ४० ला दहा, पुढच्या तीन डीबीला दुप्पट, म्हणजे वीस. मोबाइल टॉवरच्या कामात हा हिशोब रोजचा. त्यानंतरचा प्रश्न होता, लग्नाचं काय ठरलंय? रात्री साइटवर जायला घरचे सोडतील का? आधीच्या दोन मुलाखतींतही तिला हेच विचारलं होतं. रात्रपाळी जमेल का, हे जरूर विचारावं, आणि ते सगळ्यांनाच विचारावं. लग्नाची चौकशी मुलाखतीत नकोच. बाहेर बसलेल्या एकाही मुलाला ती झाली नव्हती.

(दृश्य : बूट घातलेला मुलगा दारातून आत जातो.)

दुपारी दोनला त्याचा नंबर लागला. पहिलाच प्रश्न इंग्रजीत : स्वतःबद्दल सांगा. उत्तर त्याने पाठ केलं होतं. तिसऱ्या वाक्याला अडकला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडकला. दहावीपर्यंत मराठी माध्यम, कॉलेजात शिकवणं अर्धं मराठी, अर्धं हिंदी. कॉलेज संपल्यावर एका ठेकेदाराकडे दोन पावसाळे केबल जोडलेली. यातलं काहीच त्याला सांगता येईना.

तेव्हा टेबलाच्या कडेला बसलेले वयस्क इंजिनीअर मराठीत म्हणाले, "हे राहू दे. रात्री फायबर तुटली. कुठे तुटली, कसं शोधशील?"

आता तो बोलायला लागला. ओटीडीआर लावायचं. ते यंत्र काचेच्या तारेत प्रकाश सोडतं आणि परत आलेला प्रकाश मोजतं. काचेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. जाऊन-येऊन १०० मायक्रोसेकंद लागले, तर तुटलेली जागा १० किलोमीटरवर. पण साहेब, हे अंतर केबलचं झालं, रस्त्याचं नाही. चेंबरमध्ये केबलची वेटोळी ठेवलेली असतात. म्हणून थोडं अलीकडेच उतरायचं आणि आज कुठे खोदकाम झालंय ते बघत चालायचं.

मग जोडणी. वरचं आवरण काढायचं. तार अल्कोहोलने पुसायची. क्लीव्हरने टोक अगदी सरळ कापायचं. पुसलेल्या तारेला बोट लावायचं नाही. सांगता सांगता त्याच्या दोन्ही हातांची चिमटी झाली होती, तारेचं टोक पकडल्यासारखी. पावसात काय करतोस? छत्री माणसावर नाही, जोडणीच्या मशीनवर धरतो.

इंजिनीअर हसले, आणि त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. तो प्रश्न मराठीत आला नसता तर हा मुलगा तिसऱ्या वाक्यालाच नापास होऊन परतला असता. अशी परतलेली मुलं आम्हाला त्या दिवशी भेटली. कामाचं इंग्रजी कामावर शिकता येतं. त्यासाठी हाताला काम येणारा मुलगा घालवणं हे कंपनीचंही नुकसान आहे.

एचआरच्या खोलीत निवड झाल्याचं कळलं. एक वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट. पत्र मिळालं.

(दृश्य : रात्र. चाळीतली खोली. पत्र्यावर पाऊस.)

बाबा महानगर टेलिफोन निगममध्ये होते, केबल जॉइंटर. तांब्याच्या तारांच्या जोड्या जुळवण्यात उमेदीची वर्षं गेली. ३१ जानेवारी २०२० ला निगमचे १४ हजारांहून जास्त कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन एकदम बाहेर पडले, त्यांत तेही होते.

त्यांनी आधी प्रश्न विचारून घेतले. ओटीडीआरचं उत्तर दोनदा सांगायला लावलं. मग चष्मा लावून पत्र वाचलं, उलटून मागची बाजू पाहिली, परत पहिल्या ओळीवर आले.

"मुलाखत ज्यांनी घेतली, त्या कंपनीचं नाव कुठंय यात?"

मुलाने खाली, सहीच्या जागेवर बोट ठेवलं. तिथे मनुष्यबळ पुरवणाऱ्या एका एजन्सीचा शिक्का होता.