नको म्हटलेलं संगीत: बर्नार्ड हरमन

(पडदा काळा. फक्त व्हायोलिनचे कर्कश फटकारे.)

‘सायको’ ज्यांनी पाहिलेला नाही, त्यांच्याही कानाला हा आवाज ओळखीचा असतो. पण दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकला बाथरूममधल्या त्या खुनाला संगीतच नको होतं. संगीतकार बर्नार्ड हरमनने सूचना ऐकून घेतली आणि तरीही संगीत लिहिलं. ते दृश्यासोबत ऐकल्यावर हिचकॉकने आपला शब्द मागे घेतला. साल १९६०.

हरमनचा जन्म १९११ चा, न्यूयॉर्कचा. पिंड कंडक्टरचा, म्हणजे वाद्यवृंद चालवणाऱ्याचा. सीबीएस रेडिओवर त्याची गाठ दिग्दर्शक ऑर्सन वेल्सशी पडली आणि १९४१ मध्ये वेल्सच्याच ‘सिटिझन केन’ने तो चित्रपटात आला. ऑस्करही त्याच वर्षीच्या कामाला मिळालं, मात्र ‘केन’ला नव्हे, दुसऱ्या चित्रपटाला. पुढे ‘द मॅग्निफिसंट अँबरसन्स’मधल्या त्याच्या संगीताला स्टुडिओने कात्री लावली, तेव्हा त्याने श्रेयनामावलीतून स्वतःचं नावच काढायला लावलं. जिभेला हाड नसलेला माणूस; त्याच्याशी पटवून घेणं सोपं नव्हतं.

(स्वरलिपीची हस्तलिखित पानं.)

हॉलिवूडमध्ये संगीतकार चाल लिहायचा आणि कुठलं वाद्य काय वाजवणार, हे बहुतेकदा दुसराच कुणी ठरवायचा. हरमनला हे अजिबात मान्य नव्हतं. वाद्यांची निवड हेच त्याचं अर्धं संगीत. १९५१ च्या ‘द डे द अर्थ स्टूड स्टिल’मध्ये परग्रहवासी येतो, तर हात न लावता वाजणारी दोन थेरेमिन. ‘सायको’ कृष्णधवल, म्हणून वाद्यवृंदात केवळ तंतुवाद्यं. ना बासरी, ना ट्रम्पेट, ना ढोल. त्या खुनात किंचाळतो तो व्हायोलिनचाच गज: वरच्या पट्टीत, पुन्हा पुन्हा, प्रत्येक स्वर ओरबाडत.

‘व्हर्टिगो’, ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’, ‘मार्नी’... हिचकॉकशी जोडी जमली होती. मग आला १९६६ चा ‘टॉर्न कर्टन’. स्टुडिओला बाजारात खपेल असं संगीत हवं होतं. हरमनने व्हायोलिन वगळली, बारा बासऱ्या आणि सोळा हॉर्न घेतले. इथेही एका खुनाच्या दृश्याला संगीत नको, असं हिचकॉकने बजावलं होतं. हरमनने तेही लिहिलं! या वेळी मात्र हिचकॉकने ध्वनिमुद्रणच थांबवलं. दोघांनी पुन्हा एकत्र काम केलं नाही. आमच्या मते ‘सायको’च्या वेळी जो हट्ट फळला, तोच इथे अंगाशी आला, माणूस बदललाच नव्हता.

(रात्रीचं न्यूयॉर्क. सॅक्सोफोन.)

हरमनने लंडन गाठलं. पुढे त्याला शोधत आली ती दिग्दर्शकांची नवी पिढी: ब्रायन डी पाल्मा, मार्टिन स्कॉर्सेसी. स्कॉर्सेसीच्या ‘टॅक्सी ड्रायव्हर’चं ध्वनिमुद्रण आटोपून तो लॉस एंजेलिसच्या हॉटेलात झोपला, तो उठलाच नाही. २४ डिसेंबर १९७५. वय ६४.

१९७७ च्या ऑस्करला ‘टॅक्सी ड्रायव्हर’ आणि डी पाल्माचा ‘ऑब्सेशन’, अशी त्याची दोन नामांकनं एकाच वेळी होती. पुरस्कार ‘द ओमेन’साठी जेरी गोल्डस्मिथने नेला.