घसरगुंडीवर लेकराला मांडीवर घेऊन बसू नका

नमस्कार. आधी हा बूट बघा. (बूट कॅमेऱ्याजवळ धरते.) माझ्या लेकीचा आहे, ती पावणेदोन वर्षांची असतानाचा. तळ रबरी. बोट फिरवलं की अडतं बघा, पुढे सरकत नाही. फरशीवर चालायला हे चांगलंच. घसरगुंडीवर मात्र याच रबराने घात केला.

गंगापूर रोडकडच्या एका बागेत गेलो होतो, रविवारी संध्याकाळी. एवढ्याशा पोरीला एकटीला कसं सोडायचं, म्हणून मी तिला मांडीवर घेतलं, दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि घसरगुंडीवरून निघाले. निम्म्यावर बूट कडेला अडकला. मला थांबताच आलं नाही. खाली पोचलो तोवर ती किंचाळत होती, आणि पाय काही केल्या जमिनीला टेकवेना. एक्स-रे काढला, नडगीच्या हाडाला तडा. तीन आठवडे प्लास्टर. हाडांच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "मांडीवर घेऊन घसरलात का?" मी अजून काही सांगितलंही नव्हतं.

होतं काय, ते नीट समजून घ्या. मूल एकटं घसरत असेल आणि पाय अडकला, तर ते बहुतेक वेळा तिथल्या तिथे थांबतं. त्याचं वजनच 10-11 किलो. पण ते आपल्या मांडीवर असलं की मागून आपले 60-70 किलो खाली येत असतात. पाय वर अडकलेला, अंग खाली चाललेलं. ओलं फडकं पिळावं तशी मधल्या मधे नडगी पिळली जाते. आपण जितकं घट्ट धरतो, तितकं ते अंग आपल्याबरोबर ओढलं जातं. म्हणून सांगते, लहानग्यांना अगदी बुटक्या घसरगुंडीवर बसवा आणि तुम्ही शेजारी उभं राहून कमरेला हात लावा. जी शिडी मुलाला स्वतःहून चढता येत नाही, ती घसरगुंडी अजून त्याची नाही. हे आजी-आजोबांनाही सांगा. मायेपोटी तेही मांडीवर घेतात.

उन्हाचं थोडक्यात. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो. बसवण्याआधी पत्र्यावर हाताची मागची बाजू ठेवून बघा. तुम्हाला सोसवत नसेल तर चड्डीतल्या पोराला कसं सोसवेल? प्लास्टिकची घसरगुंडीही तापते बरं का.

आता खाली बघा, जमिनीकडे. झोक्याखाली पेव्हर ब्लॉक दिसले की माझा जीव वर-खाली होतो. पोरं पडणारच, पडल्याशिवाय खेळ नाही. पण कशावर पडतात, यावर सगळं अवलंबून असतं. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या पुस्तिकेत यासाठी मोजमापं दिलीत: 9 इंच जाडीचा वाळूचा थर साधारण 4 फुटांवरून पडलेल्या मुलाला सांभाळतो, आणि हा मऊ थर खेळण्याच्या चहूबाजूंनी निदान 6 फूट हवा. झोक्याच्या पुढेमागे तर त्याहून जास्त. नुसती माती किंवा हिरवळ यात धरत नाहीत. आपली काळी माती उन्हाळ्यात कशी टणक होते ते तुम्हाला ठाऊक आहेच. टाच जोरात दाबून बघा, रुतली नाही तर ती जागा पडण्याजोगी नाही. वाळू असली तरी झोक्याखाली नेमका खड्डा पडलेला असतो, पोरांचे पाय घासून घासून. मी गेल्या गेल्या पायाने कडेची वाळू आत लोटते. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

आणि गळा. हे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय. थंडीत निफाडचा पारा बातम्यांत झळकायला लागला की आपणही पोरांना गुंडाळतो: मफलर, नाडीची कानटोपी, जर्किनच्या टोपीची लोंबणारी दोरी. घसरगुंडीच्या वरच्या टोकाला, कठडा जिथे जोडलेला असतो, तिथे बारीक फट असते. दोरीची गाठ त्या फटीत बसते, मूल खाली सुटतं आणि गळ्याला फास लागतो. गळा आवळला की ओरडता येत नाही. चार पावलांवर बाकावर बसलेल्या आईलाही कळत नाही. मफलर काढून पिशवीत टाका, नाड्या आत खोचा. दृष्टीचा काळा दोरा किंवा ताईत काढून टाका असं मी म्हणत नाही, पण खेळायला जाताना तो गळ्यात नको. कमरेला करगोटा असतोच, त्याला बांधा. सायकलवरून आलेल्या मुलांचं हेल्मेटही खेळण्यांवर चढण्याआधी उतरवा. अंग फटीतून निघून जातं आणि हेल्मेट अडकतं.

डोक्यावर पडलं आणि नंतर उलट्या झाल्या, पोर पेंगायला लागलं किंवा क्षणभर जरी शुद्ध हरपली, तर घरी हळद लावत बसू नका. 108 ला फोन करा किंवा सरळ दवाखाना गाठा.

शेवटचं, झोक्याची कडी. (वर बोट दाखवते.) साखळी जिथे अडकवतात तो आकडा झिजून उघडा पडतो, बघा, इथून बोटभर फट दिसतेय. अशी कडी दिसली की फोटो काढून महापालिकेकडे तक्रार करा. पण दुरुस्तीला माणूस येईपर्यंत झोका तसाच लोंबत ठेवू नका. पाटी वरच्या दांड्यावरून दोन-तीनदा फिरवून साखळी गुंडाळून टाका. आपण घरी गेलो, तरी सहाच्या सुमाराला दुसरं कुणाचं तरी लेकरू पळत येऊन त्याच्यावर बसणार असतं.