जुलैचा तक्ता आणि ऑक्टोबरचे नऊ आऊट

(जुलै २०२५ मध्ये डेट्रॉईट परिसरातल्या मराठी मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय, 'बेसबॉल : अर्धा सीझन आणि प्लेऑफचे अंदाज'. ऑक्टोबरमधल्या बाद फेरीचे, म्हणजे प्लेऑफचे, अंदाज मी सांगणार आहे, नक्की सांगणार आहे. पण त्याआधी एक गोष्ट फार दिवस डोक्यात घोळतेय, ती आधी बोलू द्या. मग अंदाज जास्त पटतील.

मंगळवारी अटलांटात अमेरिकन आणि नॅशनल या दोन लीगच्या निवडक खेळाडूंचा ऑल-स्टार सामना झाला. ६-६ अशी बरोबरी झाली आणि निकाल लावला होमरनच्या चुरशीने. फिलाडेल्फिया फिलीजच्या काइल श्वार्बरने तीन स्विंग घेतले, तिन्ही स्टँडमध्ये. तोपर्यंत जागे कोण होते? हात वर करा. अरे वा, मागच्या रांगेत तर आजीसुद्धा आहेत! मग आज मी काहीही बारीकसारीक सांगितलं तरी चालेल.

सुरुवात आनंदाच्या बातमीने करू. सीझन सुट्टीला थांबला तेव्हा मेजर लीगच्या तीस टीममध्ये सगळ्यात जास्त विजय आपल्या डेट्रॉईट टायगर्सचे होते. ५९ जिंकले, ३८ हरले. डिव्हिजनमध्ये, म्हणजे आपल्या पाच टीमच्या गटात, दुसऱ्या नंबरच्या मिनेसोटापेक्षा अकराहून जास्त सामने पुढे. ऑल-स्टारमध्ये आपले सहा जण निवडले गेले आणि अमेरिकन लीगसाठी पहिला चेंडू टाकला आपल्या पिचरने, टॅरिक स्कूबलने. पार्किंगमध्ये उतरल्यापासून मी हेच ऐकतेय, "यंदा आपलंच!"

तर मुद्दा असा. जुलैचा विजय-पराभवांचा तक्ता ऑक्टोबरबद्दल फार थोडं सांगतो. आणि हे डेट्रॉईटकरांना दुसऱ्या कोणी सांगायची गरज नाही, कारण आपण २००६ बघितलंय. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी आज मी ते सविस्तर सांगणार आहे.

२००६ सालीही ऑल-स्टारच्या सुट्टीला आपले ५९ विजय होते. ५९-२९, अख्ख्या बेसबॉलमध्ये पहिले. त्याच्या तीनच वर्षं आधी, २००३ मध्ये, हीच टीम ११९ सामने हरली होती. त्या उन्हाळ्यात या शहराला काय झालं होतं ते इथल्या जुन्या मंडळींना विचारा. मग सीझनच्या शेवटी घसरण लागली. शेवटचे पाच सामने गेले. त्यातले तीन कॅन्सस सिटीने घेतले, जे त्या वर्षी शंभर सामने हरले होते, आणि तेही आपल्या घरात येऊन. डिव्हिजन शेवटच्या दिवशी मिनेसोटाला गेली. आपण वाइल्ड कार्डवर, म्हणजे डिव्हिजन न जिंकता उरलेल्या जागेवर, प्लेऑफमध्ये शिरलो आणि काय शिरलो! मालिकेत यांकीजना ३-१ हरवलं. ओकलंडला ४-०, शेवटी मॅग्लिओ ऑर्डोनेझचा तो होमरन. आणि मग जवळजवळ आठवडाभर बसून राहिलो, कारण नॅशनल लीगमध्ये कार्डिनल्स आणि मेट्सची मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली.

वर्ल्ड सिरीजला, म्हणजे अंतिम मालिकेला, कार्डिनल्स आले ते सीझनमध्ये फक्त ८३ सामने जिंकून. आपले ९५. पहिल्या सामन्यात त्यांनी अँथनी रेयेसला उतरवलं. सीझनभरात जेमतेम पाच सामने जिंकलेला पिचर. त्याने आपल्याला ७-२ हरवलं. दुसरा सामना आपल्या केनी रॉजर्सने एकहाती जिंकून दिला. त्यानंतर त्यांच्या घरी, सेंट लुईसला, जे झालं ते माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

तिसरा सामना. चेंडू परत आपल्या पिचर झुमायाच्या हातात आलाय, डबल प्ले, एका चेंडूवर दोन आऊट, समोर दिसतोय. त्याने फेकला तिसऱ्या बेसकडे, चेंडू तिथे उभ्या आपल्या इंजच्या पलीकडे गेला, त्यांना दोन धावा. चौथा सामना, पावसाने एक दिवस पुढे ढकललेला. सातवी इनिंग, आपण ३-२ पुढे. कार्डिनल्सच्या एक्स्टाइनने सेंटरला साधा उंच चेंडू मारला. आपला कर्टिस ग्रँडरसन वळला आणि ओल्या गवतावर त्याचा पाय सटकला. जो आऊट व्हायला हवा होता तो दुसऱ्या बेसवर. पुढच्याने बंट केला, म्हणजे चेंडू हळूच बॅटने जवळच टाकला; आपला पिचर रॉडनीने पहिल्या बेसकडे फेकलेला चेंडू तिथे आलेल्या पोलँकोच्या डोक्यावरून गेला. बरोबरी. तो सामना ५-४ गेला. पाचव्यात आपला पिचर व्हर्लँडरने बंट उचलून तिसऱ्या बेसकडे फेकला, पुन्हा भलतीकडे. पाच सामन्यांत आपल्या पिचरांच्या पाच चुका, आणि त्या टाकण्यातल्या नाहीत, फील्डिंगमधल्या! सीझनभर ज्यांच्या हातावर ही टीम उभी होती, त्याच हातांनी.

(मागून कोणीतरी : "इतके दिवस बसल्यामुळे!")

हो, मलाही तसंच वाटतं. सराव कितीही करा, सामन्याच्या वेगात बंट उचलून फेकणं वेगळं. आणि २०१२ बघा. यांकीजना ४-० झाडून पुन्हा वाट बघत बसलो आणि वर्ल्ड सिरीजमध्ये जायंट्सनी आपल्याला ४-० झाडलं. पण बसण्याचं कारण काढून टाकलं तरी माझं म्हणणं उरतंच. ८३ विजयवाली टीम ९५ विजयवाल्या टीमला हरवते, याचं आपण नशिबावर खापर फोडतो. सिॲटलने २००१ मध्ये ११६ सामने जिंकले आणि वर्ल्ड सिरीजपर्यंतही पोचले नाहीत. २०२३ मध्ये अटलांटा १०४, बाल्टिमोर १०१, डॉजर्स १००, तिघेही डिव्हिजन सिरीजमध्येच, प्लेऑफमधल्या त्यांच्या पहिल्याच मालिकेत, घरी. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अहमदाबादला दहा विजय ओळीने मिळवून फायनलला गेलेल्या आपल्या क्रिकेट टीमचं काय झालं, ते या खोलीत मी उच्चारणार नाही.

हे इतक्या वेळा होतं, तर त्याला कारण असणार. १६२ सामन्यांच्या सीझनमध्ये जवळजवळ रोज खेळायचं असतं. तिथे पाचवा पिचर लागतो, राखीव कॅचर लागतो, मंगळवारी दुपारी थकलेली टीम कशीबशी ओढून नेणारा माणूस लागतो. टायगर्स यंदा पुढे आहेत ते याच रुंदीमुळे. हाविएर बाएझला सेंटरला नेलं, मकिन्स्ट्री लागेल तिथे खेळला, मॅनेजर हिंचने रोज वेगळी लाइनअप लावली. ऑक्टोबरमध्ये मधे सुट्ट्या येतात. तीन, फार तर चार पिचर पुरतात. पाचवा बाकावर. म्हणजे जी ताकद तुम्हाला तक्त्यात वर नेते, तिचा मोठा भाग ऑक्टोबरमध्ये वापरताच येत नाही. उरतात दोन गोष्टी : सामना सुरू करणारे पहिले तीन पिचर, आणि सातव्या ते नवव्या इनिंगमधले, दर इनिंगला तीन असे, शेवटचे नऊ आऊट. जुलैमध्ये टीम पारखायची तर या दोनच गोष्टी बघा. प्लेऑफला पोचण्याच्या शक्यतेची टीव्हीवर दिसणारी ती टक्केवारी सोडून द्या. गेल्या ऑगस्टमध्ये टायगर्स ५५-६३ होते, पिचर जॅक फ्लॅहर्टीला आपणच डॉजर्सना विकून टाकलं होतं आणि टक्केवारी जवळजवळ शून्यावर आली होती. त्यानंतर ३१-१३! ह्यूस्टनला जाऊन ॲस्ट्रॉसना बाहेर काढलं आणि क्लीव्हलँडशी पाचव्या सामन्यापर्यंत गेलो. तो पाचवा सामना त्यांच्या लेन थॉमसच्या ग्रँडस्लॅमने, चार धावांच्या होमरनने, गेला, तोही स्कूबलच्या चेंडूवर, याचं मला आजही वाईट वाटतं. पण स्कूबल परत आलाय आणि पहिल्यापेक्षा चांगला आलाय.

अध्यक्षबाईंनी चिठ्ठी पाठवली आहे. पाच मिनिटं. बरं, पटापट.

अमेरिकन लीग. पूर्वेत टोरांटो. मेअखेर यांकीज सात सामने पुढे होते, ते टोरांटोने चार सामन्यांच्या मालिकेत चारही वेळा हरवून खाली खेचले. टोरांटो टिकेल, यांकीज वाइल्ड कार्डवर येतील, बॉस्टनही येईल. सुट्टीपूर्वी ओळीने दहा जिंकलेत त्यांनी, तेही त्यांचा मोठा बॅटर डेव्हर्सला विकल्यावर. पश्चिमेत आज ह्यूस्टन वर आहे, पण मला भीती सिॲटलची वाटते. गेल्या शुक्रवार ते रविवार आपल्या घरात येऊन तिन्ही सामने नेले. कॅल रॅली हा कॅचर आहे, दर सामन्याला उकिडवा बसणारा माणूस, आणि सुट्टीपर्यंत त्याचे ३८ होमरन! शिवाय वू, गिल्बर्ट, कर्बी, कास्तियो अशी पिचरांची रांग, आणि शेवटी मुन्योझ. माझ्या कसोटीवर अमेरिकन लीगमध्ये सर्वात भक्कम टीम तीच आहे.

नॅशनल लीग. डॉजर्स ओळीने सात हरले म्हणून त्यांना मोडीत काढू नका. ओहतानी पुन्हा पिचिंग करतोय, ग्लासनाऊ परत आलाय. पण त्यांच्या शेवटच्या नऊ आऊटवर माझा भरवसा नाही. मधल्या डिव्हिजनमध्ये मी शिकागोऐवजी मिलवॉकी घेते. पूर्वेत फिलाडेल्फिया : व्हीलर, सांचेझ, स्वारेझ, असे तीन पिचर आज दुसऱ्या कोणाकडे नाहीत. त्यांचं भोक बुलपेनमध्ये, म्हणजे नंतर उतरणाऱ्या पिचरांमध्ये (रिलीव्हरमध्ये), आहे. त्यातल्या अल्वाराडोवर ८० सामन्यांची बंदी आली आणि नियमाप्रमाणे त्याला प्लेऑफही खेळता येणार नाही. खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत ३१ जुलै; त्याच्या आत त्यांनी खराखुरा क्लोजर, शेवटची इनिंग टाकणारा पिचर, आणला तर वर्ल्ड सिरीजला नॅशनल लीगकडून तेच.

आता आपले. स्कूबल पाच सामन्यांच्या मालिकेत दोनदा येतो, हे कोणत्याही टीमला नको असलेलं गणित आहे. फ्लॅहर्टी परत आपल्याकडे आहे, माइझ सुधारलाय. पण आपला रिलीव्हर विल वेस्ट एकटा शेवटचे नऊ आऊट महिनाभर काढू शकणार नाही. आपल्या बुलपेनमध्ये बॅटरला चुकवून स्ट्राइकआऊट काढणारे पिचर कमी आहेत. चेंडू बॅटला लागला की पाय सटकायला, हात चुकायला जागा राहते, आणि २००६ मध्ये तिथेच आपण गेलो. म्हणून येत्या दोन आठवड्यांत टायगर्सच्या व्यवस्थापनाने बॅटर आणू नये, दोन जोरकस रिलीव्हर आणावेत. त्यासाठी एखादा होतकरू पोरगा द्यावा लागला तरी द्यावा. १९८४ नंतर या शहराने वर्ल्ड सिरीज जिंकलेली नाही.

ते आणले, तर सिॲटलला सात सामन्यांत आणि फिलाडेल्फियाला सहा सामन्यांत हरवून टायगर्स. नाही आणले, तर सिॲटल. लिहून ठेवा. प्रश्न चहाच्या वेळी घेते, आणि बॉस्टनवाल्यांनी आधी यावं.