सहा मिलिमीटरचा वेल्ड

२७ मार्च १९८०. उत्तर समुद्र, नॉर्वेचं एकोफिस्क तेलक्षेत्र. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास ‘अलेक्झांडर किलँड’ या पाच पायांच्या तरंगत्या प्लॅटफॉर्मचा एक पाय निखळला. थोड्याच वेळात प्लॅटफॉर्म उलटला. त्यावरच्या २१२ जणांपैकी १२३ जणांचा जीव गेला.

आधी तुटला तो ‘डी-६’ नावाचा ब्रेस, म्हणजे पायाला बाकीच्या सांगाड्याशी जोडणारी पोकळ पोलादी नळी. व्यास २.६ मीटर, पत्रा २६ मिलिमीटर जाड. असा ब्रेस एका वादळाला हार जात नाही. पण त्याला भोक पाडून हायड्रोफोनसाठी (पाण्याखालचा आवाज टिपणाऱ्या उपकरणासाठी) सुमारे ३२५ मिलिमीटर व्यासाची आखूड नळी बसवली होती. गोल भोकाच्या कडेला ताण तिपटीपर्यंत चढतो. नळी पक्की जोडलेली असेल, तर त्यातला काही वाटा ती उचलते. इथं मात्र आतून-बाहेरून फक्त ६ मिलिमीटर घशाचा फिलेट वेल्ड होता, म्हणजे कोपऱ्यात भरलेला तिकोनी वेल्ड; घसा म्हणजे त्याची सर्वांत कमी जाडी. उपकरणाचीच तर नळी, तिच्यावर कसला भार येणार? पण जिथे पोलाद सलग, तिथून भार जातोच.

वेल्ड गार होताना आकसतो आणि पत्र्याला जाडीच्या दिशेनं ओढतो. रोलिंगमध्ये (पोलाद लाटून पत्रा करताना) चपटे झालेले सल्फाइडचे कण पत्र्यात थराथरानं पसरलेले असतात. ओढ वाढली की ते थर सुटतात. याला म्हणतात लॅमेलर टेअरिंग. या नळीच्या पोलादात नेमकं तेच सापडलं. शिवाय चिरेच्या आत रंग मिळाला. म्हणजे रंगाचा ब्रश फिरला तेव्हा, बांधणीच्या यार्डातच, चीर हजर होती.

वेल्ड सुटत गेला, तसा नळीचा वाटाही भोकाच्या कडेवर आला. तिथून दोन्ही बाजूंना फटिगची, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या भारानं वाढणारी, चीर निघाली. प्रत्येक लाटेला ती किंचित उघडायची, मिलिमीटरच्या अगदी बारीक अंशानं पुढे सरकायची. ब्रेसचा जवळपास दोन तृतीयांश घेर तिनं असाच खाल्ला. उरलेला भाग एका दमात तुटला, आणि त्या पायाचे बाकीचे ब्रेसही वाढलेल्या भारानं गेले.

म्हणून भार घेणाऱ्या भागावरचा छोटा ब्रॅकेटसुद्धा मुख्य जोडाच्याच कसोटीनं तपासायचा, आणि तोही रंगाआधी. डाय पेनिट्रंटला (चिरेत शिरून ती दाखवणाऱ्या रंगीत द्रवाला) चिरेचं तोंड उघडं लागतं. ते रंगानं बुजलं की द्रव आत शिरत नाही. मॅग्नेटिक पार्टिकल टेस्ट (पोलाद चुंबकित करून लोहकणांनी चीर शोधायची चाचणी) रंगाच्या पातळ थरावरून चालते, जाड थर मात्र आधी खरवडावा लागतो. जाड किंवा जास्त ताकदीच्या पोलादावर घाई नको: वेल्डमध्ये शिरलेल्या हायड्रोजनमुळे पडणारी चीर वेल्ड गार झाल्यावर काही तासांनीही उमलते. अशा जोडांची अंतिम तपासणी बऱ्याचदा ४८ तासांनंतर करतात.