खंबाटकी चढताना कुठला गिअर?

(रात्र. पुणे-सातारा हायवे, साताऱ्याच्या खंडाळ्याकडनं (लोणावळ्याचं नव्हे) खंबाटकी घाट सुरू होतो ती जागा. आधी फक्त आवाज.)

दहा सेकंद मी काही बोलत नाही, नुसतं ऐका.

ऐकलंत? इंजिनाचा आवाज दमत दमत खाली आला, मग क्षणभर पोकळ झाला, मग एकदम रेस, आणि परत गाडी घुमायला लागली. हा ड्रायव्हरनं गिअर पाडल्याचा, म्हणजे खालचा गिअर टाकल्याचा आवाज. आता तिच्या मागची गाडी ऐका, मोठी आहे, ट्रेलर आहे, पण तिचा आवाज जवळजवळ तुटतच नाही, हवेचा एक बारीक फुस्स येतो आणि झालं. गिअर तीही पाडतेय, फक्त आत बसलेल्याचा डावा पाय निवांत आहे.

या दोन आवाजांच्या मध्ये साठ-सत्तर वर्षं आहेत, आणि आपल्या साताऱ्याच्या माणसाला ती बघायला कुठल्या म्युझियममध्ये जायची गरज नाही, पुण्याकडनं येताना खंबाटकीत ट्रॅफिकमध्ये अडकलात की खिडकी खाली करायची.

माझ्या बरोबर आहेत नाना. नात्यानं माझे चुलत आजोबा, आणि धंद्यानं आयुष्यभर ड्रायव्हर. बोगदा झाला नव्हता तेव्हा जाणारी येणारी दोन्ही वाहतूक याच घाटातनं असायची, तेव्हापासूनचे. सांगलीची हळद, कराडचा गूळ वर मुंबईला, येताना सिमेंट नाहीतर खत. नानांची पहिली गाडी नाकवाली, म्हणजे इंजिन पुढं बोनेटमध्ये असलेली, आणि त्या गाडीत गिअर टाकणं म्हणजे काय होतं ते नानांकडनंच ऐकायचं.

"आरं बाबा, क्लच एकदा दाबून गिअर पडतोय व्हय? दोनदा दाबायचा."

हा डबल क्लच. नाव सगळ्यांनी ऐकलंय, पण का दाबायचा दोनदा, हे सांगणारे कमी, म्हणून जरा सावकाश सांगतो. जुन्या गिअरबॉक्समध्ये गिअरांचे दात कायम एकमेकांत अडकलेलेच असतात, याला कॉन्स्टंट मेश म्हणतात. आपण दांडी हलवतो तेव्हा गिअर हलत नाही, शाफ्टवरची एक दातेरी कडी सरकते आणि गिअरच्या बाजूच्या खाचांत जाऊन बसते. आता ही कडी फिरतेय चाकांच्या वेगानं आणि तो गिअर फिरतोय दुसऱ्याच वेगानं. दोघांचा वेग जुळला तर खट्ट करून बसणार, नाही जुळला तर ती करकर जी ऐकून अख्ख्या ढाब्यावरची माणसं मान वळवून बघतात.

म्हणून थर्डवरनं सेकंडला यायचं तर क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, न्यूट्रलमध्येच रेस मारा म्हणजे आतले गिअर जोरात फिरायला लागतील, परत क्लच दाबा, आणि आवाज जुळला की दांडी ओढा. किती रेस मारायची हे कुठल्या मीटरवर दिसत नव्हतं. कानावर. आणि हे सगळं चढाला, पाठीवर माल असताना, गाडीचा वेग दर सेकंदाला पडत असताना. चुकलं तर सेकंडही जात नाही आणि थर्डही परत घेत नाही, गाडी मध्येच उभी, आणि किन्नर, म्हणजे गाडीवरचा क्लीनर, दगड घेऊन उडी मारून मागच्या चाकाकडं. नाना म्हणतात त्यांनी किन्नर म्हणून तीन वर्षं दगडच लावले, मग कुठं उस्तादानं दांडीला हात लावू दिला. मी हसलो तर रागावले. खरंच होतं ते.

(कट. कराडजवळ हायवेच्या कडेचं गॅरेज, दिवसा.)

मग सिंक्रो आला, म्हणजे गिअरांचा वेग आपोआप जुळवणारी रिंग. तसा शोध जुनाच, अमेरिकेत १९२८ साली कॅडिलॅक गाडीत पहिल्यांदा बसला, पण जड ट्रकांपर्यंत पोचायला बराच काळ गेला. हे मिस्त्रींच्या हातात बघा काय आहे, पितळेची रिंग, आतनं निमुळती. कडी गिअरकडं सरकायला लागली की आधी ही रिंग गिअरच्या कोनावर घासते, त्या घासण्यानंच दोघांचा वेग सारखा होतो, आणि मग कडी अलगद आत. म्हणजे नानांच्या कानाचं काम या रिंगेनं घेतलं. पण घासायचं तिचं कामच असल्यानं ती झिजणार. मिस्त्री रिंग गिअरवर दाबून धरतात आणि मधल्या फटीत फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालून बघतात, फट कमी झाली म्हणजे रिंग संपली.

आणि ही गोष्ट मला स्वतःला फार आवडली. बॉक्स उघडायच्या आधी ते ऑइल काढतात आणि ड्रेन प्लग बोटावर फिरवून बघतात. प्लगला मॅग्नेट असतं. त्याला काळपट काटेरी चुरा चिकटला असेल तर लोखंड गेलंय, म्हणजे दात किंवा बेअरिंग. प्लग साफ आहे पण ऑइलमध्ये सोनेरी चमक दिसतेय तर पितळ गेलंय, म्हणजे रिंगा, कारण पितळ काय मॅग्नेटला चिकटत नाही. रिपोर्ट नाही, लॅपटॉप नाही, ट्रेभर ऑइल आणि ऊन.

आता गिअर वाढत का गेले? याचं उत्तर गाडीच्या दारावरच लिहिलेलं असतं, आपण वाचत नाही एवढंच. टाटा १६१३ म्हणजे काय, मालासकट १६ टन आणि १३० हॉर्सपॉवर. २५१८ म्हणजे २५ टन, १८०. आणि आजचा ५५३० ट्रेलर म्हणजे ५५ टन आणि ३००. ताकद वाढली असं वाटतं ना? भागून बघा. १६१३ ला एका टनामागं ८ घोडे होते, २५१८ ला ७ च्या जरा वर, आणि ५५ टनी ट्रेलरला साडेपाच पण नाहीत. (कागदावरचा हिशोब बरं का, १६१३ मध्ये लोक किती भरायचे ते सगळ्यांना माहितीय, त्यात आपण पडायला नको.) २०१८ साली सरकारनं एक्सल लोडची, म्हणजे एका एक्सलवर किती वजन चालेल त्याची मर्यादा वाढवली, साधारण २० ते २५ टक्के, म्हणजे कायदेशीर माल अजून वाढला, आणि घाट तर आहे तेवढाच आहे.

कमी घोड्यांनी जास्त वजन वर न्यायचं तर इंजिन त्याच्या बऱ्या पट्ट्यात धरून ठेवावं लागतं, डिझेल इंजिनाला बारा-पंधराशे आरपीएमच्या (मिनिटाला इंजिनाचे फेरे) आसपास दम असतो. पाच गिअरांच्या बॉक्समध्ये दोन गिअरांतलं अंतर मोठं, थर्डला दम निघतो, सेकंडला घातली तर इंजिन बोंबलतं आणि गाडी गोगलगाय. म्हणून मग मधल्या पायऱ्या आल्या. मुठीखाली एक खटका, हवेवर चालणारा, खाली असला तर चार गिअर, वर केला की त्याच चार घरांत पुढचे चार, आणि एक क्रॉलर, म्हणजे अगदी रांगायचा गिअर, झाले नऊ. बॉक्सच्या मागच्या अंगाला प्लॅनेटरी गिअरांचा एक जास्तीचा छोटा बॉक्सच जोडलेला असतो, खटका त्याला हवा देतो. आता बाराचे आले, सोळाचे आले. बाराच्या बॉक्समध्ये एका गिअरवरनं दुसऱ्यावर जाताना आरपीएम जेमतेम पाव भाग हलतो. पण मग एक खंबाटकी चढायला माणसानं किती वेळा हात मारायचा?

इथं एएमटी आली, ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन. लोक सरसकट ऑटोमॅटिक म्हणतात, चालतंय, पण एक गोष्ट ध्यानात घ्या. आत तीच क्लचप्लेट आहे, तेच गिअर आहेत, फक्त क्लच दाबायला आणि गिअर सरकवायला हवेवर चालणारे हात बसवलेत आणि त्यांना हुकूम सोडायला कॉम्प्युटर. त्यामुळं ऑटोमॅटिक आहे म्हणून चढाला ॲक्सिलरेटरवर गाडी अधांतरी धरून ठेवली तर प्लेट जळणारच, आणि ४३० एमएमची प्लेट काय फुकट येत नाही. मिस्त्री म्हणतात असे दोन-तीन जण दर महिन्याला येतात आणि कंपनीला शिव्या घालतात.

व्होल्वोनं त्यांची आय-शिफ्ट २००१ मध्ये काढली. बारा गिअर. आणि तिच्या मुख्य बॉक्समध्ये सिंक्रो रिंगा नाहीत! म्हणजे नानांच्या नाकवाल्या गाडीसारखंच, उघडी दातेरी कडी आणि खाचा. हे मला कळलं तेव्हा मी दोनदा विचारून घेतलं. घासणारी रिंग काढून टाकली, कारण वेग जुळवायला आता रिंग लागतच नाही. खालचा गिअर टाकायचा तर कॉम्प्युटर इंजिनाला सांगतो एवढी रेस घे, अगदी मोजून, आणि वरचा टाकायचा तर आतल्या शाफ्टला छोटा ब्रेक लावून तो हळू करतो. वेग जुळला की खट्ट. हा डबल क्लचच झाला की. नानांना सांगितलं तर म्हणाले, "मग एवढी वर्षं त्या रिंगा कशाला घातल्या?"

आता एक वाईट सवय, जी कुठल्याच बॉक्सनं सुटलेली नाही. उताराला न्यूट्रल. बोगद्यातनं खंडाळ्याकडं उतरताना ते एस वळण, आणि पुढं कात्रजच्या नव्या बोगद्यापासनं नवले पुलापर्यंतचा उतार, तिथल्या बातम्या तुम्ही पण वाचता. डिझेल वाचतं म्हणून न्यूट्रल करतात. तीव्र उताराला ते वाचतच नाही हो. गाडी गिअरमध्ये आणि पाय ॲक्सिलरेटरवरनं काढलेला असला की चाकं इंजिनाला फिरवतात, पंप डिझेल सोडायचाच बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच. वर इंजिनाची ओढ गेली, एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे धूर अडवून इंजिनाकडनंच गाडी रोखणारा ब्रेक, बिनकामाचा झाला, सगळं वजन ब्रेक लायनरवर आलं. ड्रम तापले की लायनर पकडत नाही, पायाखाली पेडल असतं आणि गाडी थांबत नाही.

गंमत अशी की नव्या गाड्यांत कॉम्प्युटर स्वतः न्यूट्रल करतो. पण फक्त हलक्या उताराला, जिथं इंजिनाची ओढ गाडीला नुसतीच अडवत असते, आणि वेग वाढला किंवा ब्रेकला पाय लागला की लगेच परत गिअरमध्ये. सवय आपलीच उचलली, फक्त कुठं थांबायचं ते त्याला ठाऊक आहे.

(शेवटचा प्रवास. केबिनच्या आतनं.)

नानांना एका ओळखीच्या पोराच्या ट्रेलरमध्ये बसवलं, एएमटी, मागं स्टील. खंडाळ्यापासनं वर. पोरगं तंबाखू मळत, सॉरी, दोन्ही हात स्टेअरिंगवर. नाना पहिल्या वळणापर्यंत गप्प, खालनं येणारा आवाज ऐकत. मग म्हणाले, "आता पाडंल." आणि पडला. पुढच्या वळणाला परत, "आता." पडला. मी मोजायला लागलो. माथ्यापर्यंत नऊ वेळा नाना म्हणाले, सात वेळा बरोबर त्याच क्षणी. दोन वेळा नाना आधी म्हणाले आणि मशीननं उशीर केला, आणि दोन्ही वेळा गाडी जरा जास्तच मंदावली, पोरानं ते कबूल केलं. पुढं वळण आवळतंय हे नानांना माहिती, मशीनला कळलं चढ लागल्यावर.

"ह्याला अजून घाट ठाऊक नाय," नाना म्हणाले. खूश होते.

मी म्हणलं, नाना, आता अशा पण गाड्या निघाल्यात, रस्ता एकदा चढल्या की चढउतार जीपीएसवर लक्षात ठेवतात, पुढच्या वेळी चढ यायच्या आधीच गिअर ठरवून ठेवतात.

"किती खेपा लागतात तिला शिकायला?"

मी म्हणलं, एक.

यावर ते सुरूर फाटा येईपर्यंत काही बोलले नाहीत.