खालच्या सेटमध्ये कोण उभं राहणार?

मंडळी, विषय दिलाय "स्थानिक स्कॉटिश कंट्री डान्स ग्रुप वर्षानुवर्षं कसा चालवायचा", वेळ दिलीय २० मिनिटं, आणि त्यातली थोडी माइकने खाल्लीच. असो. इथे स्कॉटलंडात राहणाऱ्या तुम्हा बहुतेकांनी लग्नाबिग्नात 'केली' (ceilidh), म्हणजे इथला मौजेचा सामूहिक नाच, नाचला असेल, माइकवरचा माणूस ओरडतो तसं आपण फिरतो, कुणाच्या पायावर पाय पडला तरी हसण्यावारी जातं. आमचं जरा वेगळं. चार जोड्यांचा सेट, पुरुष एका ओळीत, बायका समोर, चाल वेगवान रीलची, जिगची, नाहीतर संथ स्ट्रॅथस्पेची, आणि पाऊल चुकलं की शिकवणाऱ्या बाई बरोब्बर बघतात. किल्ट, तो चौकड्यांचा स्कॉटिश घागरा, लागत नाही हो, पहिल्या दिवशी प्रत्येक जण तेच विचारतो!

१९२३ मध्ये ग्लासगोला जीन मिलिगन आणि इझोबेल स्टुअर्ट यांनी पुढाकार घेऊन स्कॉटिश कंट्री डान्स सोसायटी काढली, हे नाच विस्मरणात चाललेत म्हणून. १९५१ मध्ये तिला 'रॉयल' लागलं. हे तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. मला सांगायचाय तो 'रील ऑफ द फिफ्टी फर्स्ट डिव्हिजन' या नाचाचा किस्सा, आमच्या घरी हा किस्सा सुरू झाला की मुलं उठून जातात, तुम्हाला दार लांब आहे.

तर जून १९४०. फ्रान्समध्ये सॅं व्हॅलेरीला ५१ व्या हायलँड डिव्हिजनला शरण जावं लागलं, हजारो सैनिक जर्मनांच्या कैदेत. ऑफिसर मंडळी बव्हेरियात लाउफेनच्या छावणीत. तिथे लेफ्टनंट जिमी अ‍ॅटकिन्सनच्या डोक्यात आलं की नाचणारे हात धरून तिरप्या रेषेत उभे राहिले, आधी एक रेष, मग तिला छेदणारी दुसरी, तर सेंट अँड्र्यूचा क्रॉस होतो, म्हणजे स्कॉटलंडचा झेंडा, तोही पहारेकऱ्यांच्या नाकासमोर! सोबत्यांनी मिळून नाच बसवला. त्याने तो पत्रातून घरी कळवला तर जर्मनांना ती गुप्त लिपी वाटली असं सांगतात, आणि आमच्या नाचाच्या सूचना एकदा वाचाल तर जर्मनांची चूक नाही असंच म्हणाल. १९४५ मध्ये सोसायटीने तो छापला, आणि आजही तो लागला की पाय दुखतायत म्हणणारे आधी उठतात.

आता यात माझ्या कामाची गोष्ट एवढीच की छावणीत सगळे पुरुष, त्यामुळे कुणीतरी बायकांच्या बाजूला उभं राहणं भागच होतं. "मी फक्त माझ्या लेव्हलच्या लोकांबरोबर नाचतो" ही चैन नव्हती. आमच्या डान्सला हीच चैन बोकाळलीय! चहाच्या वेळीच पुढच्या तीन नाचांचे पार्टनर बुक, बँड वाजायच्या आत सगळे मुरलेले लोक वरच्या, म्हणजे बँडजवळच्या सेटमध्ये, आणि नवी पोरगी, बिचारी दुसऱ्यांदा आलेली, खालच्या सेटमध्ये तिच्याइतक्याच गोंधळलेल्या सात जणांबरोबर. तिला हात दाखवून "इकडून" म्हणणारं कुणी नाही, सेट मोडतो, सगळे सॉरी सॉरी म्हणतात, पुढच्या आठवड्यात ती येत नाही. मग कमिटीत चर्चा काय, तर तरुण पिढीला रस नाही!

आयोजक घड्याळ दाखवतायत, म्हणजे मुद्द्यावर यायला हवं.

तर पटकन. साधारण नाच ३२ बारांचा (बार म्हणजे संगीताचं एक माप), तो आठ वेळा वाजतो, प्रत्येक जोडी दोनदा मुख्य नाचते आणि मग सेटच्या शेवटी जाते. म्हणजे चौथ्या जोडीची पाळी येईपर्यंत तो सहा वेळा डोळ्यांखालून गेलेला असतो. शिकायची सोय नाचातच आहे, फक्त नवख्याला चौथ्या जागी उभं करा, पार्टनर मुरलेला द्या, आणि ग्रुपमधल्या सगळ्यात चांगल्या चौघांनी प्रत्येक संध्याकाळी निदान दोन नाच खालच्या सेटमध्ये नाचायचे. सक्ती करा, राग येऊ दे. पुरुष कमी पडतात म्हणून रडू नका, बायका दोन्ही बाजू शिकतात, पुरुषांनीही शिकाव्यात.

बाकीचं घाईत: क्लासला रेकॉर्ड चालतं, पण वर्षातून एकदा तरी खरा बँड आणा, अ‍ॅकॉर्डियन समोर वाजलं की पाय आपोआप उचलतात, तोटा झाला तर केक विकून भरून काढा. शिकवणारी व्यक्ती एकच असेल तर दुसरीला आत्ताच ट्रेनिंगला पाठवा, पहिलीचे गुडघे गेल्यावर नको. कोविडमध्ये हात धरणंच बंद झालं तेव्हा जे ग्रुप एकाच माणसाच्या जिवावर चालले होते त्यांना पुन्हा उठणं जड गेलं, हे मी जवळून पाहिलंय. म्हणून खजिनदार दर तीन वर्षांनी बदला, आणि हॉलची किल्ली दोघांकडे ठेवा, त्यातला एक जण सत्तरीच्या आतला असू दे.